सप्टेंबरात हरलेली डिसेंबरची लढाई

जम्मूच्या राजा गुलाबसिंगाचा सेनापती वजीर जोरावरसिंग १२ डिसेंबर १८४१ रोजी पश्चिम तिबेटात मारला गेला. मानसरोवराच्या दक्षिणेला, तकलाकोटच्या जवळ असलेल्या तोयो गावाच्या परिसरात तीन दिवस गोळीबार चालू होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्याला गोळी लागली, तो घोड्यावरून खाली आला आणि शत्रूने त्याला वेढून ठार केले. सात वर्षांत लडाख आणि बाल्टिस्तान जिंकणाऱ्या, हिमालयापलीकडे थेट नेपाळच्या हद्दीपर्यंत धडक मारणाऱ्या या माणसाच्या मोहिमेचा शेवट सांगताना बहुतेक सगळे एकच कारण देतात: हिवाळा लवकर आला, बर्फाने खिंडी बुजल्या, सैन्य अडकले आणि थंडीने गारठून संपले. हे सांगणे खोटे नाही, पण त्यातून एक चुकीचा निष्कर्ष निघतो. बर्फ म्हणजे आकाशातून कोसळलेले संकट, त्यापुढे सेनापती काय करणार, असे आपण मानून बसतो. वस्तुतः त्या प्रदेशात बर्फाइतकी ठरल्या वेळी येणारी दुसरी गोष्ट नव्हती. तो कधी येणार हे तिथल्या मेंढपाळाला, व्यापाऱ्याला, लामाला, अधिकाऱ्याला ठाऊक होते. जोरावरसिंगाची हार डिसेंबरात दिसली, ती ठरली मात्र सप्टेंबरात, तकलाकोट जिंकल्यानंतर त्याने तिबेटातच हिवाळा काढायचे ठरवले तेव्हा, असे मला वाटते. उपलब्ध पुरावाही तेच सांगतो.

या मोहिमेच्या मुळाशी लोकर होती. काश्मीरच्या शालींना लागणारी पश्म लोकर पश्चिम तिबेटच्या, म्हणजे न्गारी प्रांताच्या, उंच पठारावरच्या शेळ्यांची. १६८४ च्या तहापासून ही लोकर लडाखमार्गे काश्मीरला जाण्याची वहिवाट होती. १८३४ मध्ये जोरावरसिंगाने लडाखवर स्वारी केली, राजाला मांडलिक केले आणि त्या धामधुमीत बरीचशी लोकर दक्षिणेकडे, बुशहर संस्थानातल्या रामपूरच्या बाजारात वळली. तिथून ती इंग्रजांच्या मुलखात जाऊ लागली. लडाख हाती आले, पण लडाखला ज्यामुळे किंमत होती तो व्यापारच निसटला, असा हा पेच होता. त्यावर जोरावरसिंगाने काढलेला उपाय सरळ होता: लोकर जिथून निघते तो मुलूखच घ्यायचा. त्याला आधारही होता. न्गारी एके काळी लडाखच्या राजांकडे होते, तेव्हा लडाखच्या मालकाचा त्यावर हक्क आहे, असा दावा त्याने मांडला. शिवाय वेळ अनुकूल दिसत होती. रणजितसिंग १८३९ मध्ये वारल्यानंतर, गुलाबसिंग ज्याचा मांडलिक होता तो शिखांचा लाहोर दरबार आपल्याच भांडणांत गुंतला होता, चीन इंग्रजांशी अफूच्या युद्धात अडकला होता आणि इंग्रज काबूलमध्ये. हिमालयापलीकडे कोणी ताबडतोब धावून येईल अशी शक्यता नव्हती.

१८४१ च्या उन्हाळ्यात तो लेहहून निघाला. पाच-सहा हजारांची फौज होती, तिच्यात जम्मूच्या डोग्रांबरोबर लडाखी आणि बाल्टीही होते. पँगाँग सरोवराच्या बाजूने रुडोक, पुढे गारतोक, पुढे मानसरोवर असे एकेक ठाणे पडत गेले. ठाण्यांवर शिबंदी तुटपुंजी होती, प्रतिकार नावापुरता. ६ सप्टेंबरला तकलाकोट त्याच्या हाती आले. इथून कुमाऊँ आणि नेपाळ दोन्ही हाकेच्या अंतरावर. एका उन्हाळ्यात, फारशी माणसे न गमावता, एवढा मोठा प्रदेश पादाक्रांत करणे हे असामान्य कामच होते, आणि पुढच्या पराभवामुळे त्याचे मोल कमी होत नाही. जोरावरसिंगाने मग सतलजच्या काठी तीर्थापुरीला मुख्य तळ दिला, तकलाकोटजवळ मेहता बस्तीराम या आपल्या विश्वासू सरदाराला ठेवले आणि जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावायला घेतली. परत फिरायचे असते तर हाच महिना होता. तो थांबला.

त्या थांबण्याचा अर्थ कळायचा तर त्या प्रदेशाचे वर्ष कसे चालते ते पाहावे लागते. न्गारी हा हिमालयाच्या पर्जन्यछायेतला मुलूख. पठारावर बर्फ पडतो, पण आल्प्स किंवा काश्मीरसारखा ढिगांनी नाही. तिथे माणसाला मारतो तो वारा आणि रात्रीचा गारठा. बर्फाचे खरे काम खिंडींत. लिपुलेख, नीती यांसारख्या सोळा-सतरा हजार फुटांवरच्या वाटा शरद ऋतू संपता संपता बंद होऊ लागतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उघडत नाहीत. कुमाऊँ-गढवालचे भोटिया व्यापारी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून उन्हाळ्यात वर जात आणि बर्फाच्या आत मीठ, टाकणखार, लोकर घेऊन परतत. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज पशुवैद्य १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेषात नीती खिंडीतून मानसरोवरापर्यंत गेला, तोही ऐन उन्हाळ्यात जाऊन आला. आजही कैलास-मानसरोवरची यात्रा जून ते सप्टेंबर या अवधीतच बसवावी लागते. सगळ्यांत बोलका पुरावा खुद्द गारतोकचा आहे. पश्चिम तिबेटचे हे राजधानीचे ठिकाण, पण तिथले अधिकारी बारा महिने तिथे राहत नसत. उन्हाळ्याची गार वेगळी आणि हिवाळ्याची गार वेगळी, नदीच्या खालच्या अंगाला. ज्या मुलखाचे राज्यकर्तेच हिवाळ्यात आपला मुक्काम खाली हलवतात, तिथे परक्या सेनेने काय करायला हवे होते हे वेगळे सांगायची गरज नव्हती.

जोरावरसिंग थंडीला नवखा होता म्हणून हे त्याला कळले नाही, असे म्हणता येत नाही, आणि माझ्या म्हणण्यावरचा पहिला सबळ आक्षेप हाच. किश्तवाडचा कारभार पाहणारा, मुख्य हिमालय ओलांडून लडाखमध्ये उतरलेला हा सेनापती हिवाळ्यातल्या लढायांमध्ये त्या काळच्या हिंदुस्थानात सर्वांत अनुभवी असावा. १८३४-३५ चा पूर्ण हिवाळा त्याने सुरू नदीच्या खोऱ्यात काढला आणि वसंतात लडाखी फौजेला हरवले. बाल्टिस्तानच्या मोहिमेत तर याहून मोठा प्रसंग आला. सिंधू नदीवरचे पूल शत्रूने तोडलेले, बर्फ पडू लागलेला, दाणागोटा संपत आलेला आणि वाट शोधायला पाठवलेली मियाँ निधानसिंगाची तुकडी कापली गेलेली. त्या वेळी सिंधूच्या पात्रात जिथे कडेने बर्फ धरला होता आणि मधली धार तेवढी मोकळी होती, तिथे स्थानिक दर्द लोकांनी झाडांच्या फांद्या टाकून त्यांच्यावर बर्फ धरू दिला आणि एका रात्रीत पूल उभा राहिला. त्यावरून बस्तीरामाची माणसे पलीकडे गेली, पाठोपाठ फौज गेली आणि बाल्टिस्तान पडले. हातापायांची बोटे गमावलेले सैनिक त्या मोहिमेतही होते, पण जय मिळाला. अशा माणसाला हिवाळ्याची भीती का वाटावी?

मला वाटते, घात झाला तो याच अनुभवाने. ज्या दोन हिवाळ्यांतून तो तरला ते दोन्ही खोऱ्यांतले होते. सुरूचे खोरे सुमारे दहा हजार फुटांवर, स्कर्दू तर साडेसात हजारांच्याही खाली. तिथे गावे आहेत, मातीच्या भिंतींची घरे आहेत, कोठारांत जव आणि सुकवलेले जर्दाळू आहेत, नदीकाठी वाळुंज आणि पॉप्लरची झाडे आहेत. म्हणजे छप्पर, धान्य आणि सरपण या तिन्ही गोष्टी, मागून नाहीतर हिसकावून, मिळू शकतात. न्गारीचे पठार चौदा-पंधरा हजार फुटांवर. झाड नाही. मैलोगणती घर नाही, कारण माणसे काळ्या तंबूंत राहतात आणि तंबू कळपांबरोबर हलतात. सरपण म्हणजे याकचे वाळलेले शेण, ते उन्हाळाभर वेचून साठवावे लागते. ते नसेल तर एक काटेरी झुडूप मिळते, त्याला जाळापेक्षा धूर जास्त. शेती होते ती तकलाकोटच्या, म्हणजे पुरंगच्या, खोलगट खोऱ्यात. सिंधूवरचा तो बर्फाचा पूलही पुन्हा आठवावा. तो थंडीने बांधला नाही, त्या नदीचा स्वभाव जाणणाऱ्या लोकांनी बांधला. न्गारीत जोरावरसिंगाला असे हात कोण देणार होते? त्याचा एक सरदार गुलाम खान याला मठ लुटण्याच्या कामगिरीवर पाठवलेले. तिबेटात मठ हे देवस्थान तर असतेच, पण धान्य, सावकारी आणि निरोपांची देवघेव यांचेही ते केंद्र. मठ लुटल्याने सोने-चांदी मिळाली असेल, मात्र हिवाळ्यासाठी शेण, लोकर, कातडी आणि बातम्या देणारे सगळे दरवाजे त्याच दिवशी बंद झाले. हा माझा तर्क आहे, कोणा साक्षीदाराचे विधान नाही. पण तळावर पुढे सरपणाचे जे हाल झाले ते पाहता हा तर्क सोडवत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ल्हासाकडून फौज येत असल्याची खबर आली. तिबेट्यांनी मुद्दाम हिवाळ्याची वाट पाहिली असे काही जण मानतात. इतका दूरदर्शी बेत गृहीत धरायची गरज मला दिसत नाही. ल्हासा ते मानसरोवर हे अंतर हजार किलोमीटरांहून जास्त. उन्हाळ्यात ठाणी पडल्याची बातमी तिकडे पोहोचणे, माणसे आणि जनावरे गोळा होणे आणि ती पठार तुडवत इकडे येणे, याला तेवढे महिने लागणारच. त्यांनी वेळ निवडली नसेल, पण आलेल्या वेळी चालता येईल अशी त्यांची तयारी होती, आणि लढाईच्या दृष्टीने तेवढे पुरते. आल्यावर त्यांनी पहिला घाव घातला तो तकलाकोटवर. बस्तीराम जवळच्या गढीत तग धरून राहिला, पण खोरे गेले, आणि खोऱ्याबरोबर त्या सगळ्या प्रदेशातले जे काही धान्य होते तेही गेले. याला उत्तर म्हणून जोरावरसिंगाने नोनो सुंगनम या लडाखी सरदाराला ३०० माणसे देऊन पाठवले. मानसरोवराशेजारच्या राक्षसतालाच्या दक्षिणेला करदमजवळ ती तुकडी कापली गेली. नोनो निसटून आला, तर त्यालाच गुलाम खानासोबत ६०० माणसे देऊन परत पाठवले. तीही संपली, दोघे सरदार कैद झाले. त्यानंतर उरलेली सगळी फौज घेऊन तो स्वतः तीर्थापुरीहून निघाला. 

इथे दुसरा आक्षेप येतो: नोव्हेंबरपर्यंत खिंडी बुजल्या होत्या, मग तो करणार काय होता? दक्षिणेच्या खिंडींबद्दल हे खरे आहे. पण त्याची परतीची वाट दक्षिणेला नव्हतीच. तीर्थापुरीहून गारतोक गाठले की पुढे लेहपर्यंत नदीच्या खोऱ्याने, सिंधूच्या काठाकाठाने जाता येते. ती वाट कडाक्याच्या थंडीची, लांबची आणि हाल काढणारी खरी, तरी उंच खिंडींसारखी बर्फाने कोंडून टाकणारी नव्हती. म्हणजे पहिल्या खबरीच्या दिवशीही मागे सरण्याचा पर्याय पूर्ण मिटलेला नव्हता. तो मिटला तो पुढच्या काही आठवड्यांत, आधी तीनशे, मग सहाशे अशी माणसे तुकड्या-तुकड्यांनी गमावण्यात आणि शेवटी जिथले धान्य शत्रूच्या हाती गेले होते आणि सरपण नव्हते, त्या दिशेला चालून जाण्यात.

लढाईचे वर्णन आपल्याला मुख्यतः अलेक्झांडर कनिंगहॅमच्या लडाखवरील ग्रंथातून मिळते. पुढे हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारा हाच तो कनिंगहॅम. त्याचा ग्रंथ १८५४ मध्ये निघाला आणि डोग्रा मोहिमांची हकिगत त्याने बस्तीरामाच्या तोंडून ऐकलेली होती. ते चित्र भयंकर आहे. भर दुपारीही पाणी गोठलेले राहील असा गारठा. कित्येक रात्री उघड्यावर काढलेले सैनिक, त्यांतल्या अनेकांच्या हातापायांच्या बोटांना संवेदना उरलेली नाही. ऊब मिळावी म्हणून काहींनी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. शेवटच्या दिवशी निम्म्या लोकांना हत्यार धरता येत नव्हते. सहा हजार माणसांपैकी, बाजारबुणगे धरून, हजाराच्या वर कोणी जिवंत सुटले नाही, आणि त्यांतले सातशे कैदी, असा त्याचा हिशेब आहे. या साक्षीकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. सांगणारा पराभूत बाजूचा आहे, पुढे त्याच राजवटीत लेहचा ठाणेदार झालेला आहे, आणि धन्याच्या सेनापतीची चूक सांगण्यापेक्षा थंडीवर बोट ठेवणे त्याला सोपे जाणारे आहे. कनिंगहॅमने रणभूमीची दिलेली उंचीही पंधरा हजार फुटांच्या वर आहे, तोयोजवळचे तकलाकोट त्याहून बरेच खाली. तरीही मूळ हकिगत मला खरी वाटते, कारण बंदुकीचा दस्ता जाळण्यासारखी गोष्ट कोणी शोभेसाठी रचत नाही. सैनिक हत्यार जाळतो तेव्हा त्याच्यापाशी दुसरे लाकूड उरलेले नसते. आणि मग प्रश्न थंडीचा राहत नाही, सरपणाचा होतो. सरपण ही सप्टेंबरात, ऑक्टोबरात साठवायची वस्तू आहे.

बर्फ काही एकाच बाजूवर पडला नाही, हे म्हणणे वरवर बाळबोध वाटेल, पण त्यातच बरेचसे उत्तर आहे. समोरचे सैन्यही त्याच रात्री त्याच वाऱ्यात उभे होते. त्यांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे लोकर आत घेतलेले झगे होते, पायांत जाड नमद्याचे जोडे, थैलीत भाजलेल्या जवाचे पीठ. ते शिजवायलाही लागत नाही, चहात कालवले की पोटात जाते. ओझी वाहायला याक आणि मेंढ्या, त्या हिवाळ्यातही बर्फाखालचे खुरटे गवत उकरून जगतात. यावर कोणी म्हणेल की जोरावरसिंगाच्या फौजेतही लडाखी आणि बाल्टी होतेच, त्यांना थंडीची सवय होती, मग ते का हरले? सवय म्हणजे नुसती कातडीची ताकद नव्हे. सवय असलेला लडाखी माणूस हिवाळ्यात घरात असतो, चुलीशी असतो, त्याची जनावरे खालच्या मजल्यावर असतात. त्याला चुलीपासून तोडून उघड्या पठारावर नेले की सवयीचा बराचसा भाग मागे गावातच राहतो. आणि ज्या राजवटीने सात वर्षांपूर्वी त्यांचेच राज्य घेतले, तिच्यासाठी मरेपर्यंत झुंजायचे कारण त्यांच्यापाशी काय होते? बाल्टिस्तानचा पदच्युत राजा अहमदशाह याला तर जोरावरसिंगाने सोबत फिरवले होते. तोही तिबेट्यांच्या हाती सापडला.

त्याच हिवाळ्यात, महिन्याभराच्या अंतराने, असाच दुसरा संहार झाला. ६ जानेवारी १८४२ रोजी इंग्रजांची फौज काबूल सोडून जलालाबादकडे निघाली. साडेचार हजार सैनिक, सुमारे बारा हजार नोकरचाकर आणि बायकामुले. हिंदुस्थानी शिपायांच्या हातापायांना पहिल्याच रात्रींत हिमदंश झाला, त्यांना बंदुका उचलता येईनात. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जलालाबादच्या तटाशी पोहोचला, मागून मोजकीच माणसे आली. तिथेही बर्फ अनपेक्षित नव्हता. काबूलला दर वर्षी बर्फ पडतो. नोव्हेंबरात उठाव झाला, कोठारे गेली, आणि निघायचे की राहायचे या वादात दोन महिने गेले. मराठी वाचकाला या जागी पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. पानिपतावर बर्फ नव्हता, उंचीही नव्हती, तरी ऑक्टोबर १७६० च्या अखेरीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत भाऊसाहेबांच्या छावणीचे जे झाले ते याच जातीचे होते. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि दुआबातून येणारी रसद आटली. उपाशी माणसाला आणि उपाशी घोड्याला उत्तरेची थंडी दुप्पट लागते. अब्दालीच्या लोकांना ती थंडी परकी नव्हती आणि त्यांचे पोट भरलेले होते. तिन्ही ठिकाणी लोक हिवाळ्यात मेले, पण तिन्ही ठिकाणी हिवाळ्याला तोंड देण्याची साधने आधीच्या महिन्यांत निसटली होती.

संख्येचा मुद्दा राहतो. समोर दहा हजार होते असे कनिंगहॅम म्हणतो, आणि तो त्यांना चिनी म्हणत असला तरी ते बव्हंशी तिबेटी होते. दुपटी-तिपटीच्या शत्रूपुढे डोग्रे उन्हाळ्यातही हरले असते, असे म्हणता येईल. याची परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. १८४२ च्या वसंतात तिबेटी फौज लेहवर चालून आली आणि लडाख्यांनी बंड केले. गुलाबसिंगाने दिवाण हरिचंद आणि वजीर रतनू यांना ताजी फौज देऊन पाठवले. तिबेटी मागे हटून पँगाँगच्या बाजूला, चुशूलच्या परिसरात मोर्चे बांधून बसले. डोग्रांनी ओढ्याला बांध घालून पाणी त्यांच्या छावणीत सोडले आणि त्यांना शरण यायला लावले. तोच शत्रू, तसेच डोग्रा सैनिक, फक्त महिना ऑगस्टचा आणि जागा लेहच्या आवाक्यातली. यातून ऋतू आणि अंतर या दोहोंना वेगळे काढता येत नाही हे मी मान्य करतो. चुशूलला तिबेटी आपल्या घरापासून लांब होते, जसा तोयोला जोरावरसिंग होता. पण दोन्ही कारणे सेनापतीच्या निर्णयाकडेच जातात: किती लांब जायचे आणि किती काळ राहायचे. संख्येने किंवा शौर्याने ती उत्तरे बदलत नाहीत.

या हकिगतीत एक तारीख आहे, ती वाचताना मन विषण्ण होते. शालीच्या लोकरीचा व्यापार तुटल्याने आणि चीनशी तह व्हायच्या वेळी हा नवा तंटा नको म्हणून इंग्रजांनी लाहोर दरबारावर दडपण आणले, आणि महाराजा शेरसिंगाच्या दरबाराने जिंकलेला मुलूख परत करायचे कबूल केले. मुदत ठरली १० डिसेंबर १८४१. शिखांचा इतिहास लिहिणारा जोसेफ डेव्ही कनिंगहॅम, म्हणजे अलेक्झांडरचा भाऊ, याला त्यावर देखरेख करायला सरहद्दीवर पाठवले होते, त्यानेच ही तारीख नोंदवली आहे. १० डिसेंबरलाच तोयोजवळ पहिली गोळी सुटली. सपाटीवर बसून दिनदर्शिका पाहणाऱ्यांना डिसेंबरची दहा तारीख आणि सप्टेंबरची दहा तारीख यांत फरक दिसला नाही. पठारावर त्या दोन तारखांमध्ये परत येणे आणि न येणे एवढा फरक होता. जोरावरसिंगाचा दोष मी मोठा मानतो, तरी तो एकट्याचा नाही. सैन्य कधी माघारी येऊ शकते, हे त्याला हुकूम देणाऱ्यांपैकी कोणीही विचारलेले दिसत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारा प्रसंग बस्तीरामाचा आहे. जोरावरसिंग पडल्यानंतर त्याने तकलाकोटजवळची गढी सोडली आणि काळी नदीच्या उगमाकडच्या हिमाच्छादित डोंगरांवरून तो कुमाऊँत, इंग्रजांच्या हद्दीत उतरला. पाठलाग झाला नाही, लढाई झाली नाही. तरीही त्याची निम्मी माणसे वाटेत थंडीने गेली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांची हातापायांची बोटे गेली. इथे मारेकरी निव्वळ बर्फ होता, हे नाकारता येत नाही. पण ती वाट त्या दिवसांत कोणाचीच नसते. ब्यांसचे भोटिया, पिढ्यान्‌पिढ्या त्याच खिंडीतून ये-जा करणारे, तेव्हा आपली वरची गावे सोडून खाली धारचुलाकडच्या उबदार खोऱ्यात आलेले असतात. बस्तीराम त्या खिंडीवर मध्य हिवाळ्यात उभा राहिला तो स्वखुशीने नाही. त्याला तिथे ठेवण्याचा निर्णय खिंड उघडी असताना झाला होता.

१७ सप्टेंबर १८४२ रोजी डोग्रा आणि तिबेटी यांच्यात तह झाला. जुन्या सीमा कायम राहिल्या, आणि लोकर व चहाचा व्यापार पूर्वीच्या वहिवाटीप्रमाणे लडाखमार्गे चालावा असे ठरले. ज्या लोकरीसाठी जोरावरसिंग मानसरोवरापर्यंत गेला, तिचा रस्ता असा कागदावर मोकळा झाला, तोही आणखी एक उन्हाळा लढून. विसाव्या शतकात भारत आणि चीन यांच्या सीमावादात हाच तह पुरावा म्हणून पुढे ठेवला गेला. कैद्यांचा प्रश्न मात्र त्या तहाने सुटला नाही. तोयोला पकडलेले लोक तिबेटातच राहिले, आणि १८५६ मध्ये नेपाळ व तिबेट यांच्यात थापाथलीचा तह झाला तेव्हा तिबेटने ते कैदी, तहात ज्यांना शीख म्हटले आहे, नेपाळच्या हवाली करावेत असे कलम त्यात घालावे लागले. तोवर पंधरा हिवाळे लोटले होते.